गाळ कुठं जातो

हरणाबाईला अध्यक्ष केलं ते तिच्यात काही मोठा गुण दिसला म्हणून नाही. कडेगावच्या त्या कचरा वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्थेत दोन गट होते आणि एका गटाचं माणूस दुसऱ्याला चालत नव्हतं. हरणाबाई मात्र कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिला सही येत होती, सकाळी ती वेळेवर यायची आणि बैठकीत भिंतीला पाठ टेकून गप्प बसायची. अशी बाई खुर्चीत बसली तर आपलं काही बिघडायचं नाही, असं दोन्ही गटांना वाटलं.

पहिला गट फेरीवाल्यांचा. ही माणसं पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातली, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी. पाणी आलं, रानं बागायती झाली, चराईला जागा उरली नाही, तशी त्यातली काही घरं कडेगावच्या माळावर येऊन राहिली आणि हातगाड्या घेऊन गल्लोगल्ली कोरडा कचरा गोळा करायला लागली. हरणाबाईचं घर त्यातलंच. तिची सून सोनिया गाडी घेऊन फेरीवर जायची. मुलगा सूरज याचा स्वतःचा जुना टेम्पो होता, तो संस्थेला भाड्यानं लावलेला. नवरा नानासो याच्याकडं अजून थोडी मेंढरं होती, ती तो सवयीनं राखत होता.

दुसरा गट शेडवाल्यांचा. आलेला कचरा नगरपंचायतीच्या जागेवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून निवडायचा, हे यांचं काम. या गावातल्याच बाया. घरी थोडा ऊस, कुणाचा नवरा नाहीतर दीर फौजेत. त्यांच्यात बनुबाईचा शब्द चालायचा. बनुबाईचा नवरा सुभेदार होऊन घरी आलेला, त्यामुळं तिच्या बोलण्यात एक हुकमी वळण आलं होतं. संख्येनं शेडवाल्या जास्त होत्या. हात वर करून काही ठरवायची वेळ आली की त्यांचंच व्हायचं, आणि फेरीवाल्या तोंडातल्या तोंडात बोलत गाड्या घेऊन निघायच्या.

बाटल्या, पुठ्ठा, लोखंड, दुधाच्या पिशव्या हे सगळं विकलं जायचं. प्रश्न मागं उरणाऱ्या मालाचा होता. तुटक्या चपला, गादीतला फोम, रेक्झिनच्या पिशव्या, वेफरची चकचकीत पाकिटं. हे कुणीच घ्यायचं नाही. बाया त्याला गाळ म्हणायच्या. पावसाळ्यात त्या गाळाचा ढीग पत्र्याला टेकला, त्यात डास झाले, उंदीर झाले, आणि नगरपंचायतीनं सांगितलं की शेड मोकळी करा, नाहीतर जागा परत द्या.

अशात दिवाळीच्या तोंडावर जयराज आला. गावाच्या खालच्या अंगाला त्याचं गुऱ्हाळ होतं. वयानं लहान, पण चार माणसांत उठबस असलेला. त्यानं ढिगाभोवती एक फेरी मारली आणि सगळा गाळ मी नेतो म्हणाला, वर वजनावर पैसेही देतो म्हणाला. बायांना खरंच वाटेना. संस्थेचं लिहिण्याचं काम बघणारी पूजा, ती गावातलीच पदवी झालेली मुलगी, तिनं विचारलं की याचं करणार काय. जयराज म्हणाला, लागतं गुऱ्हाळाला. पूजानं पुढं विचारलं नाही. हरणाबाईनंही विचारलं नाही, सही केली. आठवड्याभरात शेड लख्ख झाली. आतापर्यंत गाळाला काहीच मिळत नव्हतं, आता फेरीवाल्यांना त्याचेही पैसे मिळायला लागले. नव्या अध्यक्षीणबाईंचा पायगुण चांगला, असं सगळ्याच म्हणाल्या.

थंडी पडली तशी गुऱ्हाळं जोरात सुरू झाली. एक दिवस बनुबाई कामावर येताना हातात पांढरं धोतर घेऊन आली. तिच्या सासऱ्यांचं. ते तिनं हरणाबाईपुढं उलगडून धरलं. धुऊन वाळत घातलेल्या त्या धोतरावर काळे ठिपके होते, चिकट, बोटाला लागणारे.

"रोज आसं हुतंय," बनुबाई म्हणाली. "दाराला कडी लावून बसलो तरी घरात चप्पल जळल्याचा वास. हे समदं आपलंच हाय, हरणाबाई. इथनंच जातंय."

बनुबाईचं घर गुऱ्हाळाच्या वाटेवर, आणि तिच्यासारख्या आणखी पाच-सहा शेडवाल्यांची घरं त्याच आळीत. फेरीवाल्या राहायच्या माळावर, वाऱ्याच्या उलट अंगाला. तिकडं काहीच कळत नव्हतं. हरणाबाईनं धोतर हातात घेतलं, ठिपका नखानं खरवडून बघितला आणि घडी घालून परत दिलं. त्या दिवशी सूरज गाळ घेऊन गुऱ्हाळावर निघाला तेव्हा ती त्याच्याशेजारी टेम्पोत जाऊन बसली. तो म्हणाला, तू कशाला? ती म्हणाली, बघून येते.

गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळत होता, गोड वाफ येत होती आणि त्या वाफेच्या खाली दुसरा वास होता. मागच्या अंगाला चुलवाणाचं तोंड. तिथं एक माणूस तोंडाला फडकं बांधून बसला होता. त्याच्या एका बाजूला उसाची ओलसर चिपाडं आणि दुसऱ्या बाजूला संस्थेची पोती. तो चिपाडाचा एक भारा आत ढकलायचा आणि मान वळवून, डोळे मिटून, पोत्यातल्या चार चपला आत टाकायचा. धुराड्यातून निघणारा धूर काळा होता आणि वर न जाता आळीकडं सरकत होता. पोतं बांधायला वापरलेली सुतळी हरणाबाईनं ओळखली. ती तिनंच बांधलेली गाठ होती, मेंढरांच्या जाळीला मारतात तसली.

जयराजनं तिला बघितलं, बसायला खाट दिली, द्रोणात गरम गूळ दिला. हरणाबाईनं द्रोण हातात धरून ठेवला. तिनं विचारलं तसं त्यानं काही लपवलं नाही. यंदा परतीचा पाऊस लांबला, चिपाडं वाळलीच नाहीत, ओल्या चिपाडावर काहील उकळत नाही म्हणाला. लाकूड घ्यावं तर परवडत नाही. सगळीच गुऱ्हाळं हेच करतात.

"मावशी, तुमी न्हाई दिलं तर मी दुसरीकडनं आणीन," तो म्हणाला. "माजीबी आई इथंच राहती, ह्याच धुरात. मला काय कळत न्हाई व्हय? पण हंगाम बंद ठेवून कसं चालंल?"

येताना ती टेम्पोत खिडकीबाहेर बघत बसली. सूरजला वाटलं, झालं, बघून आली, समाधान झालं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हरणाबाईनं शेडच्या दारात उभं राहून सांगितलं की आजपासून गाळ गुऱ्हाळावर जायचा नाही. कुणाला विचारलं नाही, पूजाला सांगितलं नाही. सही तिची होती, तेव्हा थांबवणंही आपल्याच हातात आहे असं तिनं धरलं होतं.

शेडवाल्या खूश झाल्या. बनुबाईनं तिला स्वतःच्या डब्यातली भाकरी वाढली. फेरीवाल्या मात्र गाड्यांपाशी गोळा झाल्या आणि आपसात बोलायला लागल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. आळीत धूर जातो म्हणून शेडवाल्यांना गाळ विकायला नको, ठीक आहे. पण त्या गाळाचे पैसे कुणाच्या हातातून जाणार? आमच्याच. उचलायचा आम्ही, वाहायचा आम्ही, आणि परत ढिगाचा वास आला की नगरपंचायतीची बोलणी खायची तीही आम्हीच. त्यांनी ठरवलं की गाळ उचलायचाच नाही. बाटल्या-पुठ्ठा तेवढा घ्यायचा, बाकी लोकांच्या दारात ठेवायचं.

चार दिवसांत गावात ओरड सुरू झाली. दारातला कचरा लोकांनी ओढ्यात नेऊन टाकला, काहींनी कोपऱ्यावर पेटवला. बाजारपेठेतल्या दुकानदारांनी तक्रार केली. नगरपंचायतीतून पूजाला बोलावणं आलं. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिनं सांगितलं, सगळा कोरडा कचरा उचलायचा असा आपला करार आहे, हे असंच चाललं तर काम दुसऱ्याला देतील.

घरी सूरज जेवायला बसला आणि ताटावरून तसाच उठला. "आये, तू त्यांची झालीस," तो म्हणाला. "त्यांनी धोतर दावलं आन्‌ तू पाघळलीस. आमाला कवा इचारलंस?"

सोनियानं मध्ये पडायचं टाळलं, भांडी उचलली आणि बाहेर घासायला नेली. हरणाबाई ओट्यावर बसून राहिली. नानासो मेंढरं कोंडून आला, त्यानं सगळं ऐकलं होतं. तो बराच वेळ तंबाखू मळत राहिला. मग सहज बोलावं तसं बोलला. म्हणाला, आपण कोकणात मेंढरं घेऊन उतरायचो तेव्हा वाड्याचा, म्हणजे बरोबर चालणाऱ्या सगळ्या बिऱ्हाडांचा, कारभारी कोण, तुझाच बाप. उद्या तळ कुठं टाकायचा हे ठरवायचं कोण, तोच. पण त्या आधी तो प्रत्येक बिऱ्हाडाच्या पालापुढं जाऊन बसायचा. कुणाची बाई बाळंत व्हायची आहे, कुणाचं कोकरू चालत नाही, कुणाला पाणी लांब पडतं. सगळं ऐकून मग निघायचा हाकारा घालायचा. एक बिऱ्हाड नाही म्हणालं तर तळ हलत नव्हता.

"तू हाकारा आदी घातलास," नानासो म्हणाला. "पालापुढं बसायचं ऱ्हाऊनच गेलं."

हे तिला लागलं, पण पटलंही. पुढचे दोन-तीन दिवस ती खरंच घरोघर गेली. माळावरच्या प्रत्येक घरी बसली, आळीतल्या प्रत्येक घरी बसली. बोलली थोडं. आळीत एका घरी सुनेनं पाण्याच्या हंड्यावर झाकलेलं फडकं दाखवलं. माळावर एका म्हातारीनं सांगितलं की गाळाचे पैसे मिळायला लागल्यापासून मी जड गोणी उचलणं सोडलं होतं, आता परत उचलते. दोन्ही खरं होतं.

मग तिनं सगळ्यांची बैठक बोलावली. कार्यकारी मंडळाची नव्हे, सगळ्या सभासदांची. शेडमध्येच, पुठ्ठ्याचे गठ्ठे बाजूला सारून. सुरुवातीलाच बनुबाई म्हणाली की बोलायचं काय त्यात, हात वर करा आणि मोजा. शेडवाल्यांचे हात वर यायलाही लागले.

हरणाबाई पहिल्यांदाच भिंतीला न टेकता बसली होती. ती म्हणाली, "हात खाली घ्या. मोजून तुमी जिकणार हे मला आदीच म्हाईत हाय. आन्‌ उद्या गाड्या न्हाई निघाल्या तर तुमी निवडणार काय?"

वर आलेले हात खाली आले. तिनं आपलं म्हणणं सांगितलं. असल्या गोष्टीला दोन्ही बाजू वेगवेगळ्या राजी व्हायला हव्यात. फेरीवाल्या वेगळ्या बसून ठरवतील, शेडवाल्या वेगळ्या. दोघींचं होय आलं तरच होय. एकीचं नाही आलं तर परत बसायचं. आणि मंडळात दोन्हीकडची माणसं सारखी असायला हवीत. शेडवाल्यांना हे जड गेलं. आम्ही जास्त आहोत, मग सारखं कसं, असं एकीनं विचारलं. पूजानं नियमात बघून सांगावं लागेल असं म्हटलं, पण ठराव करायला अडचण नाही असंही म्हटलं.

तेवढ्यात सोनिया उठली. ती कधी बैठकीत बोलली नव्हती, त्यामुळं सगळ्यांनी माना वळवल्या.

"मी रोज ते उचलते," ती म्हणाली. "न्हाई उचललं तर लोक वड्यात टाकत्यात, न्हाईतर दारात जाळत्यात. म्हंजी धूर ऱ्हातोयच, फकस्त जागा बदलती. गुऱ्हाळावर द्यायचं न्हाई म्हनता, मला चालंल. पण नुसकान एकट्या आमच्या गाडीवर नको. समद्यांनी सोसायचं असंल तर सांगा."

सूरज मागं टेम्पोच्या फाळक्यावर बसला होता. बायकोचं बोलणं ऐकून त्यानं तोंड फिरवलं. बनुबाई मात्र सोनियाकडं बघून म्हणाली की ही पोरगी बरोबर बोलतीय. त्या दिवशी एवढंच ठरलं की दोन्हीकडच्या तिघी-तिघींनी जाऊन दुसरं कोण काय करतं ते बघून यायचं. तोवर गाळ उचलायचा आणि शेडमध्येच ठेवायचा. पूजाला कोरेगावच्या अशाच एका संस्थेची माहिती होती.

कोरेगावला त्या एसटीनं गेल्या. हरणाबाई, सोनिया, बनुबाई, आणखी काही जणी, आणि सूरजही. आपल्याला न विचारता काही ठरेल अशी भीती वाटून तो आपणहून निघाला होता. तिथली संस्था संयोगिता नावाची बाई बघायची. चाळिशीची, मोकळी बोलणारी. तिनं चहा दिला आणि शेड दाखवली. त्यांच्याकडं गाळ दाबून गठ्ठे करायचं यंत्र होतं. गठ्ठे साठले की ट्रक भरून सोलापूरकडच्या एका सिमेंट कारखान्यात जायचे. कारखाना पैसे देत नव्हता, नुसता माल घेत होता. ट्रकचं भाडं यांच्याच अंगावर पडायचं.

सूरजनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी तिथंबी जाळत्यातच की?"

संयोगिता हसली नाही की चिडलीही नाही. जाळतातच, म्हणाली. पण तिथली भट्टी बंद असते, आच फार मोठी असते आणि धुराड्याला गाळण्या बसवलेल्या आहेत. आम्ही जाऊन बघून आलो. "ते लय चांगलं हाय आसं मी म्हननार न्हाई," ती म्हणाली. "चपला तयारच हुयाला नकोत, ते खरं. पण ते काय माज्या हातात न्हाई. कुनाच्या उशाला धूर सोडायचा न्हाई, तेवढं माज्या हातात हाय." त्यांच्याकडंही यावरून भांडणं झाली होती, दोन बायका सोडून गेल्या होत्या, हे तिनं न विचारता सांगितलं. आणि आमचा ट्रक निम्मा रिकामाच जातो, तुमच्याकडून वळवून नेला तर भाडं दोघांत वाटून घेता येईल, असंही म्हणाली.

परतीच्या एसटीत बनुबाई सोनियाशेजारी बसली. दोघी काय बोलल्या ते हरणाबाईला ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाई शेडमध्ये न येता सोनियाबरोबर फेरीवर गेली. बाजारपेठेच्या चढाला तिनं गाडी ढकलून बघितली. एका दारात बाईनं वरूनच पिशवी फेकली, ती बनुबाईच्या खांद्यावर फुटली. बनुबाईच्या नात्यातलंच घर होतं ते. त्या बाईला खाली कोण उभं आहे ते कळल्यावर ती धावत खाली आली, पण बनुबाईनं खांदा झटकला आणि पुढच्या दाराला गेली. दुपारी शेडमध्ये आल्यावर तिनं तेवढं सांगितलं आणि निवडायला बसली.

दुसऱ्या बैठकीत फेरीवाल्या गाड्यांपाशी बसल्या आणि शेडवाल्या आत. हरणाबाई दोन्हीकडं जाऊन येऊन करत राहिली. दिवस कलेपर्यंत चाललं. शेवटी असं ठरलं की गाळ जाळायला कुणालाच विकायचा नाही. ट्रकचं भाडं वर्षाअखेरीला सगळ्यांत जो नफा वाटला जातो त्यातून काढायचं, म्हणजे सगळ्यांचंच थोडं थोडं जाईल. फेरीवाल्यांना गाळ उचलण्याचे पैसे मिळत राहतील, पहिल्यापेक्षा कमी. मंडळात दोन्हीकडच्या सारख्या. आणि यापुढं नवा कुणी माल घ्यायला आला तर आधी दोन्हीकडच्या दोघींनी जाऊन तो माल कुठं जातो ते बघायचं, मग सही. हे शेवटचं हरणाबाईनं स्वतः मांडलं. आपण न बघता सही केली होती, हे ती त्यात बोलली नाही, पण सगळ्यांना कळलं.

सूरजला ते मान्य नव्हतं. गाळ गुऱ्हाळावर नेण्याच्या खेपा त्याच्या टेम्पोला मिळत होत्या, त्या गेल्या. ट्रक आला की त्याचं काम आणखी कमी होणार होतं. आठवड्याभरात त्यानं टेम्पो विट्याकडच्या एका खासगी भंगारवाल्याला लावला. तो भंगारवाला जयराजला माल पुरवत होता. म्हणजे आई धूर थांबवायला बघते आणि मुलगा तोच धूर वाहतो, असं झालं.

गावात लोकांनी ते बोलून दाखवलं. हरणाबाईला तोंड लपवावंसं वाटलं. घरात चूल एकच होती. सोनिया संस्थेत, सूरज भंगारवाल्याकडं, आणि जेवायला सगळे एकाच जागी. एकदा सोनियानं सासूला विचारलं, "आत्याबाई, मी बैठकीत बोलले नसते तर बरं हुतं का?" हरणाबाई म्हणाली, "तू बोललीस म्हनून तर गाडी रुळावर आली. तो त्येच्या पोटासाठी करतोय, तू तुज्या मनानं कर. त्येला घालून पाडून बोलू नगंस." मग तिनं सूरजलाही एवढंच सांगितलं की कुठंही काम कर, पण चुलवाणापाशी उभं राहताना तोंडाला फडकं बांध. त्यानं टेम्पोची किल्ली उचलली आणि निघून गेला. पण दोन दिवसांनी टेम्पोच्या सीटमागं तिचं जुनं सुती लुगडं फाडून केलेलं फडकं तिला दिसलं.

ट्रकचं सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिला ट्रक ठरल्या दिवशी आलाच नाही. कोरेगावच्या गठ्ठ्यांचं यंत्र बिघडलं होतं. गाळ परत वाढत पत्र्यापर्यंत गेला. उन्हं तापायला लागली तसा वास सुटला. निवडायला बसणाऱ्या शेडवाल्यांची डोकी दुखायला लागली, कारण ढिगाशेजारी दिवसभर बसायचं त्यांनाच. आणि मग एका सकाळी गंमत झाली. बनुबाईच हरणाबाईकडं आली आणि नजर चुकवत म्हणाली की एक खेप, फक्त एकच, जयराजला देऊन टाकूया. आळीतल्या बाया सोसतील एक दिवस. इथं बसवत नाही.

हरणाबाईला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. ती म्हणाली, मला काय विचारता, ठरल्याप्रमाणं दोन्हीकडं विचारू. शेडवाल्यांनी होय म्हटलं. फेरीवाल्यांत सोनियानं नाही म्हटलं. इतरांनाही ती खेप दिलेली चालली असती, पण सोनियानं त्यांना बसवून सांगितलं की आज त्यांच्यासाठी दिली तर उद्या आपल्यासाठी द्यावी लागेल, मग ठरवलं कशाला. त्याऐवजी तिनं दुसरं सुचवलं. ट्रक येईपर्यंत फेरीवाल्यांनी दुपारी तासभर शेडमध्ये थांबायचं आणि गाळ मागच्या उघड्या आवारात हलवायला हात लावायचा. बनुबाई आधी रागावली. मग पदर खोचून तीही ढीग उपसायला लागली. त्या दिवसांत दोन्हीकडच्या बाया पहिल्यांदाच एकत्र बसून जेवल्या. कुणी तसं ठरवलं नव्हतं, आवारात सावली एकाच झाडाची होती.

ट्रक आला तो पाडव्याच्या आठ-दहा दिवस आधी. कोरेगावचे गठ्ठे निम्म्या ट्रकात आधीच होते. संयोगिता स्वतः बरोबर आली होती. कडेगावचा गाळ सुटाच होता, तो पोत्यांत भरून चढवताना सगळ्यांचे हात भरून आले. ट्रक भरला तरी थोडा गाळ उरलाच. तो पुढच्या खेपेला जायचा होता.

आळीतला धूर पूर्ण थांबला नाही. जयराजला भंगारवाल्याकडून माल मिळतच होता, पण पहिल्याइतका नाही, आणि महागही पडत होता. आळीतल्या माणसांनी, त्यात बनुबाईचे सुभेदारही होते, त्याच्याकडं जाऊन दोनदा बोलणं केलं. पुढच्या हंगामाला चिपाडं वाळवायला पत्र्याची मोठी पडवी घालतो असं तो म्हणाला. घालेल की नाही ते हंगाम आल्यावर कळणार होतं. त्याचा माणूस खांब मोजायला येऊन गेला, एवढं बनुबाईनं डोळ्यांनी बघितलं.

गुऱ्हाळं बंद झाल्यावर भंगारवाल्यानं सूरजच्या टेम्पोच्या खेपा कमी केल्या. त्याच सुमारास संस्थेत पुठ्ठा वाढला आणि कराडला पोचवायला गाडी लागायला लागली. सूरजला बोलवावं का, असं पूजानं बैठकीत विचारलं. हरणाबाई म्हणाली की माझा मुलगा आहे, मी यात बोलणार नाही. ती उठून बाहेर जाऊन उभी राहिली. आत दोन्हीकडच्या मंडळींनी बोलून ठरवलं की पुठ्ठ्याच्या खेपा त्याला द्याव्यात. त्यानं बाकी दिवशी कुणाचंही काम करावं, पण संस्थेचा गाळ त्याच्या टेम्पोत चढणार नाही. बनुबाईनं ते बाहेर येऊन हरणाबाईला सांगितलं. "तुज्या पोराला आमी ठेवला," ती म्हणाली. ती पहिल्यांदाच तिला तू म्हणाली होती.

सूरजनं ती अट ऐकली, थोडा वेळ कुरकुरला आणि सोमवारी टेम्पो घेऊन शेडला आला. सोनिया फेरीवरून नुकतीच आली होती. तिनं हातगाडी उभी केली आणि पुठ्ठ्याच्या गठ्ठ्याचं एक टोक धरलं, दुसरं त्यानं धरलं. गठ्ठा जड होता, पहिल्यांदा नीट चढला नाही. तो म्हणाला, जरा उजवीकडं घे. तिनं घेतला.

हरणाबाई आत पूजाजवळ बसली होती. नगरपंचायतीचा माणूस आला होता. आठवडी बाजारातला भाजीचा ओला कचराही तुम्हीच उचलाल का, असं विचारत होता. पूजानं तिच्याकडं बघितलं. हरणाबाई म्हणाली, आज काही सांगत नाही, आधी विचारून घेते. तो माणूस म्हणाला, अध्यक्ष तुम्हीच ना? ती म्हणाली, व्हय, म्हनूनच. आणि त्याच्यासाठी चहा सांगायला उठली.